ओट्यावर दोन दाढीवाले सरडे

मंडळी, आज दुपारी आमच्या न्हावऱ्यातल्या घराच्या ओट्यावर जे पाहिलं, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

नात मुक्ताने पुण्याहून आणलेला पाळीव दाढीवाला सरडा (बिअर्डेड ड्रॅगन), ढब्बू, वर्षभर आमच्याकडे आहे. आज तिच्या मैत्रिणीनेही आपला सरडा कायमचा आणून दिला. मी म्हटलं, ढब्बूला एकट्याला करमत नसेल, ठेवू एकाच पेटीत.

"आता सरड्यांची सोयरीक जुळवा!" ही आतून म्हणाली.

"आबा, पाय तोडतील एकमेकांचे," मुक्ता घाबरली.

मग नवा बैल आणल्यावर करतो तसं केलं. दोघांना परक्या जागी, ओट्यावर, लांब लांब सोडलं. मुक्ता मधोमध पाट घेऊन तयार.

ढब्बूचा गळा रागाने काळाभोर झाला, मान झटकत तो पुढे सरकला. नव्याने मात्र पुढचा एक पाय उचलून हळूच हवेत फिरवला, कविता पाठ असलेलं पोर वर्गात हात वर करतं तसा!

"बघ, रामराम घालतोय!"

"न्हाई आबा, 'मारू नको' म्हणतोय." तिने झटकन पाट आडवा घातला. आता दोघांच्या पेट्या वेगळ्या.

संध्याकाळी नव्यासमोर बसून मी हळूच हात वर केला. त्यानेही पाय उचलला. तो मला घाबरला, की मीच घाबरलोय समजून मला धीर देत होता? कुणी पाळले असतील तर सांगा.