मुलुंड ते वेसावे, एका बिननावाच्या सायकलीमागे

या ब्लॉगवर बरेच जण विचारतात, "ताई, तुमचा पहिला मोठा सायकल-प्रवास कुठला?" लोकांना हिमालय ऐकायचा असतो. माझा पहिला प्रवास मुलुंड ते वेसावे. साल बहात्तर असेल किंवा त्र्याहत्तर, त्यावरून माझं आणि माझ्या भावाचं अजून वाजतं. एका दमात झालेला प्रवासही नव्हे तो. दोन-तीन महिन्यांत तुकड्या-तुकड्यांनी झाला आणि प्रत्येक तुकड्यानंतर आम्हाला आधीपेक्षा कमी कळत गेलं. तरी वाचा. अजूनही तो रस्ता सायकलने करण्यासारखा आहे.

आम्ही म्हणजे मी आणि माझा बाळामामा. मी तेव्हा कॉलेजात होते. मामा भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर होता, लग्न केलेलं नव्हतं, आमच्याकडेच राहायचा. त्याला एकच वेड, सायकल. बोरिवलीहून घोडबंदरच्या रस्त्याने दर थंडीत एक शर्यत व्हायची. मामाला ती एकदा तरी धावायची होती. पण शर्यतीची सायकल म्हणजे परदेशी, आपल्या खिशाच्या पलीकडची. त्यात शर्यतीला चाळिशीची अट आणि मामाचं हे शेवटचं वर्ष. आई म्हणायची, "घोडनवरा झालास, आता घोडबंदर कशाला?"

आणि अशात मामाला देवनारच्या भंगारवाल्याकडे ती सापडली. काळ्या ऑइलपेंटखाली गुदमरलेली, बारीक नळ्यांची, खाली वळलेल्या हँडलची. मामाने ती एका बोटावर उचलून दाखवली. "सुधे, हे लोखंड नाही, काहीतरी वेगळंच स्टील आहे!" फ्रेमवर ना कंपनीचा बिल्ला, ना अक्षर. कुठली, कधीची, काही पत्ता नाही. आता तुम्ही म्हणाल, चालव की, नाव कशाला हवं? पण मामाचं म्हणणं, सायकल कुठल्या देशाची ते कळल्याशिवाय तिला सुटा भाग बसवता येत नाही. प्रत्येक देशाचे आटे वेगळे. ते खरंच होतं.

म्हणून एका रविवारी घाटकोपर. मी माझ्या लेडीज सायकलवर, मामा त्या काळीवर. आग्रा रोड तेव्हा आजच्याइतका गच्च नव्हता, पण श्रावणात त्याची चाळण झालेली असायची आणि ट्रकवाले आपल्याला माणसात मोजत नसत. घाटकोपर स्टेशनाजवळ एका गुजराती शेठचं सायकलचं दुकान होतं. शेठने चष्मा कपाळावर चढवला, फ्रेमवर टिचकी मारली आणि म्हणाला, "इंग्लिश छे."

"कशावरून?" मामा.

"आवाज उपरथी."

मामाने पाना मागून घेतला. पेडलचा आस ज्या कपात फिरतो, त्यातला उजवा कप इंग्लिश सायकलीत उलट्या आट्यांचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने उलटा जोर लावला. लाल होईपर्यंत लावला. कप हलेना. शेवटी वैतागून मी म्हटलं, "सरळ फिरवून बघ ना!" सरळ फिरवल्यावर तो लोण्यातून सुटावा तसा सुटला. म्हणजे इंग्लिश नाही. फ्रेंच असेल किंवा इटालियन. पण सीटची दांडी मात्र इंग्लिश मापाची निघाली. शेठने खांदे उडवले आणि म्हणाला, "खिचडी छे." आम्ही समोरच्या गाडीवर शेव-उसळ खाल्ली आणि गोंधळ घेऊन घरी आलो.

पुढचा मुक्काम मरोळ. तिथल्या जुन्या ख्रिस्ती गावठाणात पास्कू अंकल राहायचे. ते मामाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि तरुणपणी स्वतः शर्यती धावलेले. भांडुपच्या पुढून पवईच्या रस्त्याला लागलो. कुणी आज हा टप्पा करणार असेल तर पवईचा चढ उन्हाच्या आत उरकावा. तेव्हा तलावाच्या अंगाने इतकी हिरवळ असे की मी दोनदा उतरून नुसतीच उभी राहिले. मामा पुढे जाऊन पाठी वळून ओरडायचा, "अगं, पिकनिकला आलीस का?"

अंकलच्या घरी आंटीने फुगे, म्हणजे गोल फुगीर पाव, तळले होते आणि सोबत मटणाचं कालवण. पोटभर खाऊन झाल्यावर अंकलने वाड्यातल्या चिंचेखाली सायकल उलटी ठेवली आणि ब्लेडने सीटखालच्या नळीवरचा काळा रंग खरवडायला सुरुवात केली. काळ्याखाली पट्टे निघाले. निळा, लाल, पिवळा, पांढरा, हिरवा. अंकल ताडकन उभे राहिले.

"बाला! अरे मॅन, ही चॅम्पियनची सायकल हाय!"

ते घरातून एक परदेशी मासिक घेऊन आले. जगज्जेत्या सायकलपटूला असे पाच पट्टे लावायचा मान मिळतो म्हणे. मासिकातला फोटो काळा-पांढरा होता, पण अंकलना रंग तोंडपाठ: निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा.

"पण त्यात काळा असतो म्हणालात, यात पांढरा आहे," मी म्हटलं.

"उन्हानं उडला आसंल," अंकल म्हणाले.

काळा रंग उन्हाने पांढरा कसा होतो, हे मला अजून समजलेलं नाही. पण मामाचा चेहरा पाहून मी गप्प बसले. देवनारच्या भंगारात जगज्जेत्याची सायकल! तो इतका खुशीत आला की म्हणाला, "चल, तुला समुद्र दाखवतो." सायकली अंकलच्या ताब्यात देऊन आम्ही बसने अंधेरीला आणि तिथून दुसऱ्या बसने वेसाव्याला गेलो.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या, आणि जिकडेतिकडे रंगकाम चाललेलं. सुकटाचा वास, ताज्या रंगाचा वास, वर बारीक भुरभुर. मी मजेत चालले होते आणि मामा एकाएकी थांबला. समोरच्या होडीच्या कडेला पट्टे होते. निळा, लाल, पिवळा, पांढरा, हिरवा. त्याच क्रमाने.

होडीजवळ मामाच्याच वयाचा एक कोळी ब्रश घेऊन बसला होता. धर्मा त्याचं नाव. मामाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे रंग कसले हो?"

"आमच्या घराचं रंग. परत्येक घराचं येगलं." त्याने मागे ब्रश दाखवला. मागच्या घराचं दार, ओटीवरचा बाक, पाण्याचं पिंप, सगळ्यावर तेच पट्टे. होडी रंगवून उरलेला रंग वाया घालवायचा नाही, जे हाताला लागेल त्याला फासायचा, अशी तिथली रीत. "बायको बोलते, पोरा उभी राहिली तर त्यांना पन लावशील!"

"सायकलला पण लावता?" मी पटकन बोलून गेले. मामाने माझा हात दाबला.

धर्मा हसला. "व्हती ना. एका जहाजावरच्या गोऱ्या खलाशानं माझ्या बापाला दिली, सरंगा मासलीचं टोपलं बदल्यात घेऊन. वाऱ्यासारखी पलायची. सकालचा मावरा मी तिच्यावरशी अंधेरीला न्यायचो, बाकीच्यांच्या आधी. एकदा मागची नली तरकली, तवा आमच्या इंजिनाच्या मिस्त्रीनं आतल्या अंगाला पितळंची चकती बसवून दिली. मंग गेली. बाजारात पाटी उतरवून वलून बघतो तर सायकल नाय." ब्रश डब्यात बुडवत म्हणाला, "होरी फुटली तर एवरा रडलो नसतो."

सायकल आमच्याकडे आहे हे न सांगताच मामा निघाला. त्याच्या मागोमाग मीही. बसमध्ये शेजारी बसून आम्ही दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर पाहत होतो. मला मामाचा राग येत होता आणि कीवही येत होती. त्यातलं कुठलं जास्त, ते ठरवता येत नव्हतं.

मरोळला पोचलो तर अंकल दारातच उभे. फ्रेमवरचा नंबर शोधायच्या भरात त्यांनी सगळाच्या सगळा रंग काढून टाकला होता. पट्टे गेले, काळा गेला, फ्रेम आरशासारखी लखलखत होती. नंबर मिळाला नव्हता. "पन बाला, एक कलला नाय," अंकल म्हणाले, "चॅम्पियनच्या सायकलला ह्यो थिगल कशाला?" मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला, आतल्या अंगाने, पितळेची चकती होती.

त्यानंतरचे काही आठवडे मामाने सायकलचं सोनं केलं. कारखान्यातून सुट्टी झाली की आस, बेअरिंगं, ब्रेकच्या तारा. कपाचे आटे त्याने स्वतः लेथवर कापून बसवले. शर्यतीसाठी नावही देऊन आला. वेसाव्याचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. आई विचारायची, "एवढी छान झाली सायकल, मग हा असा सुतकी का?" मी म्हणायचे, मला काय माहीत.

मग एका रविवारी भल्या सकाळी त्याने मला उठवलं. "चल, वेसाव्याला."

परत तोच रस्ता. पवई, साकीनाका, मरोळ, अंधेरीचं फाटक. या वेळी पवईला मी थांबले नाही. मामा माझ्या मागे मागे येत होता, त्या सायकलवर, मुंगीच्या पावलांनी.

धर्मा ओटीवर जाळं विणत होता. त्याची बायको आत भाकऱ्या थापत होती. मामाने सायकल उभी केली आणि पाठ केलेलं सगळं विसरला. नुसतंच म्हणाला, "ही बघता का जरा."

धर्मा उठला. सायकलभोवती फिरला. बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. "या बया, आरशासारखी चकचकीत! कशाला एवरी घासलीव?"

"शर्यतीसाठी," मामाच्या तोंडून निघून गेलं. "नाव दिलंय. शेवटचं वर्ष आहे माझं."

धर्मा खाली बसला. त्याचा हात मागच्या नळीकडे गेला, आतल्या अंगाला, जिथे नजर पोचत नाही तिथे. अंगठा तिथेच थांबला. मी बघत होते. मामाही बघत होता. मग हात लुंगीला पुसत तो उभा राहिला.

"आमची नाय ती."

"नीट बघा," मामा म्हणाला.

"आमची रंगाची व्हती. ही कोनाची तरी दुसऱ्याची. बसा, भाकरी खाऊन जा."

आम्ही भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाल्लं. असं कालवण मी नंतर कुठेच खाल्लं नाही. निघताना बायको नवऱ्याकडे बघत राहिली होती. तो जाळ्याकडे बघत होता.

मला वाटलं, संपलं. ज्याची असेल त्याने नाही म्हटलं, आता मामा मोकळा. मामालाही तसंच वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "घोडबंदरवरून जाऊ. शर्यतीचा रस्ता बघून घेऊ." बोरिवलीपर्यंत तो माझ्या पुढे सुसाट. बोरिवली मागे पडली, झाडी दाट झाली, आणि काय ती पळत होती! नळ्यांना जणू कळत होतं की हा रस्ता आपला. ठाण्याच्या बऱ्याच अलीकडे वळणावर मला मामा दिसला. तो उतरून चालत होता.

"पंक्चर?"

"नाही गं. बसवत नाही."

उरलेला रस्ता आम्ही दोघं चालत आलो. पाय तुटायची वेळ आली. मी त्याला हरतऱ्हेने समजावलं. धर्मा नाही म्हणाला ना, मग झालं ना, तुझी काय चूक? मामा शेवटी म्हणाला, "ज्याची नसते, तो असा हात लावत नाही, सुधे."

पुढच्या रविवारी तो एकटाच गेला. संध्याकाळी बसने परत आला.

"सायकल कुठाय?" आईने विचारलं.

"ठेवून आलो त्यांच्या ओटीवर."

"घेतली त्यांनी?"

"तो म्हणाला, आमची नाय. मी म्हटलं, माझी पण नाही. मग बायको म्हणाली, दोघंही येडे आहात, आणि तिने उचलून आत नेली."

आईने कपाळावर हात मारला. मामा हात-पाय धुवायला मोरीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी दार वाजवलं नाही. त्याने बरोबर केलं की चूक, याबद्दल माझं मत आजवर चार-पाच वेळा बदललंय. लोकांना हा किस्सा सांगते तेव्हा ते विचारतात, मग धर्मा खोटं का बोलला? आणि मामाला ते का पचलं नाही? मला विचारू नका. माणसाने दिलेलं घ्यायला एवढं कठीण का जातं, ते मला त्याही वेळी कळलं नव्हतं.

थंडीत शर्यत झाली. आम्ही दोघं बोरिवलीला जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मामाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे होते. एकेक सायकल समोरून जाई आणि तो मला सांगे, ही इंग्लिश, ती पुढची इटालियन, ही बघ फ्रेंच. कुठेही अडखळत नव्हता. सगळे निघून गेले, धूळ बसली, तेव्हा मी हळूच विचारलं, "आणि आपली रे? ती शेवटी कुठली होती?"

मामाने हातावरची टरफलं झटकली.

"वेसाव्याची," तो म्हणाला.