आडवा पडलेला तुकडा

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागून मला चारच महिने झाले होते. अन्ननलिकेतून काढलेला तुकडा तिळाएवढा असतो. तो चिमट्याने वितळलेल्या मेणात कडेवर उभा ठेवायचा, म्हणजे काप घेतल्यावर सगळे थर एकाखाली एक दिसतात. हे माझं काम. त्या सकाळी भुईगावच्या एका बाईंचा एकच तुकडा आला होता आणि मेण थिजताना तो आडवा झाला. मला ते दिसलं. मेण परत वितळवायला पाच मिनिटं पुरली असती.

पण काप घेणारे सिनियर मशीनपाशी खोळंबले होते. "काय मॅडम, इंग्लिश मीडियमला घड्याळ शिकवत नाहीत वाटतं?" सगळे हसले. मी मेणाचा ठोकळा तसाच त्यांच्या हातात दिला.

दुपारी डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमधून मान वर केली. "तिरका कापला गेलाय. खालचा थर जाड दिसतोय. पण तो ॲसिडने जाड झालाय की तिरक्या कापामुळे, कसं सांगू?" आणखी काप घेता घेता तुकडाच संपला. आता पुन्हा एंडोस्कोपी.

बाई रिपोर्टसाठी आल्या त्या चर्चला नेसायची साडी नेसून. वर्षभर छातीत जळजळ होत होती, आणि त्यांची आई अन्ननलिकेच्या कॅन्सरनेच गेली होती. काउंटरवर मी होते.

"नमुना कमी पडला," मी म्हटलं. "परत करावी लागेल."

"परत ती नळी गिळायची?" त्या काउंटर धरून उभ्या राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "माझंच चुकलं गं बाय. उबळ आली नि मी हलले. डॉक्टर ओरडले पण."

शाळेत आम्ही नुसता धक्का लागला तरी सॉरी म्हणायचो. त्या दिवशी तेवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. उलट मी मान हलवली.

आईच्याच आजाराची भीती घेऊन त्यांनी आणखी दोन आठवडे काढले. दुसरा तुकडा मी उभा ठेवला, भिंगातून दोनदा पाहिला. ॲसिडने झालेली इजा, बाकी काही नाही. गोळ्यांनी बरी होण्यासारखी.

रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी क्रूसाची खूण केली. बाकावर एक आजोबा एंडोस्कोपीचा कागद घेऊन बसले होते. त्यांच्याजवळ जाऊन त्या म्हणाल्या, "अजिबात हलू नका हां. मी हलले, म्हणून मला दोनदा करावी लागली."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढचा रिपोर्ट शोधत राहिले.