झाडण्याच्या वेळची हवा

राजरत्न बोलायला बसला की समोरच्याला घाम फुटायचा. ‘लय उशीर झाला’ म्हटलं की तो विचारणार, किती मिनिटं? ‘थोडं दुखतंय’ म्हटलं की कुठं आणि कवापासनं? त्याच्या गावात, कुंडलमध्ये, या सवयीची थट्टा व्हायची. मिरजेच्या ज्या थर्मामीटरच्या कारखान्यात तो प्रयोगशाळा सांभाळायचा, तिथं तर त्याचं नावच ‘मोजणारा’ पडलं होतं. तो रोज सकाळी किर्लोस्करवाडीला पॅसेंजर पकडायचा आणि गाडी किती मिनिटं लेट आहे ते वहीत लिहायचा. त्याचा उपयोग काय, असं विचारण्यात अर्थ नव्हता. असली माणसं जगाला लागतात, एवढंच मी म्हणेन.

कारखान्यात पंधरा बाया खाली पाटावर बसून काचेच्या बारीक नळ्यांत पारा भरायच्या. पारा साध्या उन्हानंसुद्धा हवेत उडतो. त्याला वास नाही, रंग नाही. ती हवा तपासायचं यंत्र होतं, पण ते दाराजवळच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. महिन्याच्या महिन्याला त्याचा आकडा चांगला यायचा आणि सगळे निर्धास्त असायचे.

एक चंद्राबाई सोडून. आठ वर्षं नळ्या भरणाऱ्या या बाईचे हात पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात थरथरायला लागले. तिच्या हातून नळ्या फुटायच्या. चहाचा कप धरला की निम्मा बशीत आणि उरलेला लुगड्यावर, म्हणून कँटीनवाला तिला अर्धाच कप द्यायचा. सुपरवायझर लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं निदान पक्कं होतं.

“मिसरी लावती ती दिवसातनं चारदा. हात न्हाई हालायचे तर काय?” ते म्हणाले. “महिनाअखेर तिचा हिशेब करून टाकायचा.”

चंद्राबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि घरात कमावणारी ती एकटी. मिसरी तर त्या पंधराजणींत बाराजणी लावायच्या. राजरत्नला ते निदान काही पटेना.

त्याच सुमाराला परदेशी गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर कारखान्यात दोन छोटे पंप आले होते. पंप कमरेला बांधायचा, त्याची रबरी नळी खांद्यावरून पुढं आणायची आणि तिच्या टोकाची काचेची कांडी गळ्याशी टाचायची. माणूस जी हवा नाकात घेतो तीच हवा कांडीतून ओढली जाते, आणि कांडीतले काळे दाणे त्यातला पारा धरून ठेवतात. मग कांडी पुण्याला तपासायला पाठवायची. भिंत काही श्वास घेत नाही, हे राजरत्नचं आवडतं वाक्य होतं.

त्यानं पंप चंद्राबाईच्या कमरेला बांधला. पुण्याहून आकडा आला तो मर्यादेच्या आतला. लालासाहेबांनी कागद वाचून परत त्याच्या हातात दिला.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. राजरत्न वही घेऊन चंद्राबाईसमोर खालीच बसला आणि पंप बांधला त्या दिवशी सकाळपासून तिनं काय काय केलं ते मिनिटा-मिनिटानं विचारायला लागला. बिचारी कंटाळून गेली. दुपारच्या झाडण्यापाशी येऊन मात्र ती अडखळली.

“झाडताना काढून ठिवलं हुतं की, साहेब. दुपारी आन् सांजच्याला. येवढी म्हागाची वस्तू, धुरळ्यात खराब झाली आसती. खुंटीला नीट आडकवली हुती.”

साहेबाची वस्तू जपायची, एवढंच तिला ठाऊक. राजरत्ननं कपाळाला हात लावला.

“पर रोज तुमीच का झाडता?”

“ज्याच्या हातनं जास्त नळ्या फुटतील त्येनं झाडायचं, आसा नेम हाय न्हवं हितला.”

राजरत्नची पेन्सिल थांबली. हात थरथरले की नळ्या फुटणार. नळ्या फुटल्या की झाडायला तीच. कोरड्या केरसुणीनं पाऱ्याचे थेंब फुटून मोहरीहून बारीक होणार, जमिनीभर पसरणार आणि भराभर उडणार. ती वाकून तीच हवा छातीत भरून घेणार, आणि हात आणखी थरथरणार. वर्षभर तो याच इमारतीत बसून भिंतीवरचे आकडे वहीत उतरवत होता.

त्यानं पुन्हा मोजायची परवानगी मागितली. लालासाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

“आता तिला कळलंय नोकरी कशावर हाय ती. कांडी पाऱ्याच्या बाटलीवर धरली तर? दुसऱ्या बायका बी तिच्याच मैतरणी. तिचा रिपोर्ट मी वर कसा पाठवू?”

“मग मी झाडतो,” राजरत्न म्हणाला. “तुमी समोर हुबं ऱ्हावा.”

बोलून गेला खरा, पण बोलल्यावर त्याला आजा आठवला. त्याचा आजा गावच्या चावडीपुढं झाडायचा. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर राजरत्नच्या आईनं, बायडाबाईनं, चावडीची ती केरसुणी चुलीत घातली होती. दुसऱ्याच्या जागेत केरसुणी धरायची नाही, हे राजरत्न बोलायच्या आधी शिकला होता. शाळेत मास्तर फक्त त्याच्याच आळीतल्या पोरांना वर्ग झाडायला लावत. त्यानं नकार दिला आणि छड्या खाल्ल्या होत्या. मास्तरांनी किती मारल्या तो आकडाही त्याच्या लक्षात होता.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्यानं पंप कमरेला बांधला, कांडी गळ्याशी टाचली आणि चंद्राबाईपुढं हात केला. ती केरसुणी देईना. त्याचं गाव कुठलं, आळी कुठली, हे तिला माहीत होतं.

“न्हाई साहेब. तुमी न्हाई झाडायचं.”

“द्या, चंद्राबाई. अर्धा तास हाय फक्त.”

ती रोज झाडायची तसंच तो वाकून, कोपऱ्याकोपऱ्यातून झाडत गेला. बाया भिंतीला लागून उभ्या राहिल्या. दुसरा पंप भिंतीवरच्या यंत्राशेजारी चालू होता. लालासाहेब घड्याळ धरून उभे होते, पण घड्याळाकडं त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. शेवटी दोन्ही कांड्या त्यांनी स्वतः बंद केल्या आणि वर सही केली.

महिना संपायला दोन दिवस राहिले असताना निकाल आला. झाडणाऱ्याच्या गळ्याशी भिंतीपेक्षा पंचवीस पट पारा होता. नळ्या भरायची आणि झाडायची वेळ धरून चंद्राबाईच्या दिवसाची सरासरी काढली, ती मर्यादेच्या अडीच पट भरली. लालासाहेबांनी कागद दोनदा वाचला. मग ते उठले, आत गेले आणि सगळ्या बायांदेखत म्हणाले, “चंद्राबाई, माझं चुकलं.” त्या दिवसापासून केरसुणी बंद झाली. फुटलेल्या नळीचा पारा पाण्याच्या परातीत झेलायचा, सांडलेला बाटली जोडलेल्या पंपानं ओढून घ्यायचा, आणि गळ्याशी कांडी लावून दर महिन्याला मोजायचं, असं ठरलं. चंद्राबाईला बाहेरच्या शेडमध्ये पॅकिंगला बसवलं.

एवढं सगळं करून राजरत्ननं आईला मात्र अक्षरानं सांगितलं नव्हतं. मोजण्यात वाघ असलेला हा माणूस आईपुढं भित्राच.

पॅकिंगला बसल्याला सहा-सात महिने झाल्यावर, माघात एका रविवारी, चंद्राबाई शेंगांची पिशवी घेऊन विचारत विचारत कुंडलला त्याच्या दारात आली आणि बायडाबाईच्या पायाला हात लावून म्हणाली, “तुमच्या लेकानं माज्यापायी केरसुणी धरली, आक्का.” राजरत्न उंबऱ्यात होता, तिथंच त्याचा पुतळा झाला.

बायडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. “कुणी धरायला लावली व्हय रं?”

“न्हाई आई. माजी मीच मागून घेतली.”

बायडाबाई आत गेली आणि चहा घेऊन आली. तिला बिचारीला कँटीनमधलं काय माहीत, तिनं कप काठोकाठ भरला होता. राजरत्न नको म्हणायला पुढं झाला, तोवर चंद्राबाईनं कप उचलला होता. तिनं चहा सावकाश बशीत ओतला, फुंकर घातली आणि प्याली. खालच्या फरशीवर थेंबही नव्हता.

“आजून घेता का?” बायडाबाईनं विचारलं.

“द्या की,” चंद्राबाई म्हणाली आणि तिनं रिकामा कप पुढं केला.