वीरभद्रप्पा आणि पाण्यातली रयत

कंधारला लोक किल्ला बघायला जातात. आमचे वीरभद्रप्पा खंदकातलं शेवाळलेलं पाणी बाटलीत भरून घेऊन आले. मोटारीत शेजारच्या बाईनं "तीर्थ हाय का?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तीर्थ न्हाई माय, वस्ती हाय."

निजामी अमल होता. नांदेडच्या एका शाळेत मी गणित शिकवत असे आणि अप्पा शास्त्र. उदगीरकडच्या लिंगायत दुकानदाराचा हा मुलगा. कपाळावर भस्माचे पट्टे आणि डोळा सदा खुर्दबिनीला. सूक्ष्मदर्शकाला तेव्हा आम्ही खुर्दबीनच म्हणायचो. वर्गात उर्दूतून शिकवावं लागे, पण अप्पा रंगात आले की घरच्या बोलीवर यायचे. एकपेशीय जीवांना ते 'पाण्यातली रयत' म्हणत.

"एकच पेशी रे पोरांनो! तिनंच तोंड व्हायचं, तिनंच पोट, तिनंच पाय. चालायचं तर अंगाचंच बोट पुढं काढायचं आन् बाकीचं अंग त्यात ओतायचं. मोठी झाली की सरळ तिच्या दोन होत्यात. आन् तुम्हाला साधा फळा पुसायला चार जण लागतात!"

मी चेष्टेनं म्हणायचो, "अप्पा, त्या अमीबाशीच लग्न लावा."

"लावलं असतं हो. पण मांडवातच तिच्या दोन झाल्या तर नांदवू कुणाला?"

त्या पौषात मुखेडला माझी आई आवेनं अंथरुणाला खिळली. रक्त पडायचं थांबेना. डॉक्टर म्हणाले, "अमीबाची आव असेल तर सुई आहे, पण ती हृदयावर भारी पडते आणि यांचं हृदय आधीच अशक्त. खात्रीशिवाय मी टोचणार नाही." खात्री खुर्दबिनीशिवाय होणार नव्हती, आणि मुखेडात खुर्दबीन कुठली? मी नमुना नांदेडला आणायचं म्हटलं, तर अप्पा उसळले. "येडे का खुळे तुम्ही? वाटेत गारठला की त्याचं हलणं थांबतं. मग त्याला ओळखायचं कशावरून?"

खुर्दबीनच मुखेडला न्यायची म्हणून अप्पांनी परवानगी मागितली, तर हेडमास्तरांनी साफ बजावलं की शाळेची खुर्दबीन फाटकाबाहेर गेली तर नोकरी गेली समजा. दुसऱ्या दिवशी मुखेडच्या मोटारीत अप्पा घोंगड्यात गुंडाळलेली खुर्दबीन मांडीवर घेऊन बसलेले! "असं काय बघून राहिले? पोर न्हाई पळवून आणलं," म्हणाले.

आमच्या अंगणात त्यांनी आरसा उजेडाकडं फिरवला. काच गरम पाण्याच्या तांब्यावर शेकली आणि नुकताच आलेला नमुना तिच्यावर घेतला. आई लाजेनं भिंतीकडं तोंड करून रडत होती. आत्यानं कपाळाला हात लावला, "अरे देवा, लिंगायताचं लेकरू, आन् हे काय बघून राहिलं!"

"आत्याबाई, पोट सगळ्यांलाच हाय," अप्पा मान वर न करता म्हणाले. मग एकदम मला ओढून खुर्दबिनीपुढं बसवलं. काचेसारखा एक थेंब अंगातून बोट काढत पुढं सरकत होता. त्याच्या पोटात गिळलेल्या रक्तपेशी होत्या. माझ्या आईच्या!

"गडी सापडला. बोलवा डॉक्टरला."

डॉक्टरांनीही डोळा लावून बघितलं आणि सुई सुरू केली, रोज नाडी धरून, बेताबेतानं. अप्पांनी आंघोळ केली, लिंगपूजा केली आणि मगच भाकरी मागितली. आई हळूहळू सावरली.

अप्पांची नोकरी गेली. मी हेडमास्तरांशी भांडायला निघालो, तर अप्पांनी मलाच दटावलं, "नियम म्या मोडला. त्यांचं काय चुकलं?" असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

ते उदगीरला निघाले, त्या दिवशी मी सोबत मुखेडपर्यंत गेलो. मोटार थांबली तर आई अड्ड्यावर उभी. खिडकीची दांडी धरून ती रडायलाच लागली.

"माझ्यापायी तुझी नोकरी गेली रे लेकरा."

"ते राहू दे माय. भाकर पचती का आता?"

आईनं डोळे पुसले. "पचती."

"मग झालं की," अप्पा म्हणाले.