एका दमातली धून

मुकुंद गेल्याची बातमी मला त्याच्याच फोनवरून आली. सिटी सेंटरच्या ऑफिसात नुकता येऊन बसलो होतो. आमच्या ग्रुपवर त्याचं नाव चमकलं आणि मला वाटलं, आला, आज पुन्हा धून म्हणून पाठवलीय पठ्ठ्याने. मी खिशातून इयरफोन काढून कानात घातलेसुद्धा. पण आवाज नव्हताच, लिहिलेलं होतं, आणि मुकुंद कधी लिहीत नसे. ‘पापा आज सुबह नहीं रहे. गार्गी.’ गार्गी ही त्याची मुलगी, आमच्या या हिंदी मुलखातच वाढलेली. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. कानात इयरफोन तसेच... आणि त्यांतून काहीच ऐकू येत नव्हतं.

मुकुंद आणि मी शाळेपासूनचे. तो पुढे एका शाळेत गणित शिकवू लागला, मी विम्याच्या नोकरीत शिरलो. आम्हाला बांधून ठेवलं ते सिनेमाच्या संगीताने, आणि त्यातही गाण्यांपेक्षा मागे वाजत राहतं त्या संगीताने. लोक ज्याच्याकडे लक्ष देत नाहीत ते मुकुंदाला पाठ असायचं. ग्रुप त्यानेच काढला, नाव ठेवलं ‘पार्श्व’, आणि नियमही त्याचाच: लिहायचं नाही, म्हणून दाखवायचं. तुम्हाला एखादी जागा आवडली तर ती गा, नावडली तर काय हवं होतं ते गा. ‘छान’, ‘वाईट’ असं कुणी लिहिलं, की मुकुंदाचा आवाज यायचा, “मास्तरांच्या वर्गात घोकंपट्टी नाही. म्हणून दाखवा.” त्यामुळे आमच्या ग्रुपवर अक्षरं जवळजवळ नव्हतीच, नुसते आवाज होते. बेसूर, खोकणारे, मागे कुकरच्या शिट्ट्या असलेले आवाज.

मग तो रामायणावरचा सिनेमा आला. आम्ही सगळे मिळून पाहिला. बाहेर पडल्यापडल्या भांडण सुरू. आमच्यातले जाधव फौजेतून निवृत्त झालेले, घराणंही शिपायांचं. ते पार्किंगमध्येच गरजले, “राम-रावणाचा सिनेमा आणि एक नगारा नाही? मतलब हद्द झाली! आमच्या पणजोबांच्या पलटणीत याच्याहून जास्त वाद्यं होती.” मुकुंद शांतपणे म्हणाला, “कुठे पाहिजे होता नगारा? वाजवा तोंडाने.” आणि जाधवांनी खरंच स्कूटरच्या सीटवर हात आपटून ‘धडाम धडाम’ सुरू केलं. त्यावर मुकुंदाने हळूच जटायूची धून म्हटली. जाधव वाजवायचे थांबले. म्हणाले, “बस, बस. समजलं.”

ती धून म्हणजे सगळ्या सिनेमात एकट्या बासरीचा तुकडा. रावणाने पंख छाटल्यावर जटायू आकाशातून खाली येतो तेव्हा वाजणारा. वरच्या षड्जावरून निघतो आणि वळणं घेत, घसरत, थेट मंद्र सप्तकात उतरतो. खाली काही नाही, तबला नाही, तंबोरा नाही. संगीतकाराने एवढ्या मोठ्या प्रसंगाला एवढंसंच का दिलं, यावर आमच्याकडे किती दिवस चर्चा चालली असेल! मुकुंदाचं म्हणणं होतं की तो तुकडा बासरीवाल्याने एका दमात वाजवलाय, आणि सगळी गंमत त्यातच आहे. “पंख नाहीत रे त्याला आता,” तो म्हणायचा. “पंख असते तर मध्ये कुठे टेकला असता. हा टेकू शकत नाही. मग श्वास घ्यायला जागा कुठून आणणार?” मी म्हणायचो, शक्य नाही, स्टुडिओत दोन तुकडे जोडलेत, माणसाच्या छातीत एवढी हवा नसते. “असते,” मुकुंद म्हणाला. “मी म्हणून दाखवतो.”

रविवारी मी त्याच्याकडे जायचो. नया बाज़ारात कापडाच्या दुकानावर त्याचं घर, वर जायला अंधारा जिना. खाली नाश्त्याला गरम बेडईच्या पुऱ्या घ्यायच्या आणि दोघांनी वर चढायचं. त्या दिवसांत त्याला एक नवीच लहर आली होती. जिन्याच्या वळणावर, जिथे दुकानदाराने कापडाचे गठ्ठे रचून ठेवलेले असतात, तिथे तो थांबायचा, माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “थांब अव्या. इथे काय घुमतं बघ.” मग तो धुनीचे पहिले दोन-चार स्वर म्हणायचा, अगदी हळू. मी म्हणायचो, वा. आम्ही तिथे बराच वेळ उभे राहायचो. वरून शैला वहिनी ओरडायच्या, “अहो, बेडई गार होऊन राहिली, भाऊजींना तरी वर येऊ द्या!” वर गेलं की वहिनींचा चहा, खिडकीपाशी त्याचा जुना स्पीकर, आणि आमचा वाद पुढे चालू.

मग त्याने ती धून म्हणून ग्रुपवर पाठवायला सुरुवात केली. पहिल्यांदा तिसऱ्या वळणावर श्वास तुटला. मी लगेच पकडला. माझा कान तयार आहे, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. मी हसत बोलून पाठवलं, “मास्तर, श्वास कुठे पळाला? पकडला की नाही! पुन्हा.” दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पाठवलं. या वेळी श्वास त्याच्याही आधी तुटला. जाधवांनी त्यावर तोंडाने बिगूल वाजवून पाठवला. सगळे हसले. मुकुंदही हसला, पण हसणं खोकल्यात गेलं. गार्गी एकदा फोनवर म्हणाली, “काका, पापा को जीतने दो ना यार, दिन भर घर में वही चलतंय.” मी म्हटलं, “हरवल्याशिवाय सोडतो काय तुझ्या बापाला!”

प्रत्येक वेळी तो श्वास जरा अलीकडे तुटत होता. आम्ही सगळे संगीत जाणणारे लोक. षड्जाचा कण इकडचा तिकडे झाला तर आम्हाला कळतो. आणि आम्ही त्या आवाजात फक्त धून ऐकली... स्वर बरोबर लागतोय का, वळण निसटतंय का, एवढंच. आवाजातला माणूस धापा टाकतोय, हे आमच्यापैकी एकालाही ऐकू आलं नाही. रस्त्यावरच्या कुणा परक्या माणसाला ऐकवलं असतं तर तो म्हणाला असता, यांना आधी डॉक्टरकडे न्या.

याहून वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. शेवटच्या आठवड्यात मी चांगले हेडफोन लावून सिनेमातला तो प्रसंग घरी पुन्हा ऐकला. जोड कुठेच नव्हता. बासरीवाल्याचा दम शेवटच्या स्वराला थरथरताना ऐकू येतो, आणि तो थरथरतो म्हणूनच कळतं की वाजवणारा एकच माणूस आहे आणि दमही एकच आहे. मुकुंदाचं बरोबर होतं. त्याच वेळी दोन शब्द बोलून पाठवले असते तर त्याने धून पुन्हा पुन्हा म्हणून पाहणं थांबवलं असतं. पण मला वाटलं, रविवारी तोंडावर सांगू, त्याचा चेहरा बघायला मजा येईल. तोवर अजून थोडं चिडवू. दरम्यान त्याचा आणखी एक आवाज आला. त्याला मी उत्तर दिलंच नाही. रविवार यायच्या आत एका रात्री त्याला कंपू भागातल्या रुग्णालयात नेलं, आणि सकाळी सगळं संपलं. हृदय बरेच दिवस थकलेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

तेराव्याच्या दिवशी शैला वहिनींनी मला बाजूला घेतलं. “भाऊजी, फोटो पुष्कळ आहेत. आवाज कुठेच नाही हो. गार्गी काहीतरी करत असताना त्यांचा फोन साफ झाला. तुमच्या ग्रुपवर असेल ना?” मी म्हटलं, आहे, पाठवतो. आणि पाठवले नाहीत. आठवडे गेले. फोन हातात घ्यायचो, त्याचे आवाज निवडायचो, आणि मध्ये मध्ये माझे आवाज दिसायचे. त्याचे तेवढे वेगळे काढून पाठवता आले असते. पण ते ऐकले की वहिनींना श्वास ऐकू येणार, आणि त्या विचारणार, हे तुम्हाला कळलं नाही? वहिनींचा निरोप आला, पुन्हा आला. शेवटी मीच गेलो. ठरवलं होतं की एकच ऐकवायचा, पहिला, त्यातल्या त्यात बरा, आणि फोन बंद करायचा.

खिडकीपाशी बसलो. वहिनी पदर सावरून समोर बसल्या, गार्गी दाराला टेकून उभी. मी पहिला आवाज लावला. “हं, घे अव्या,” मुकुंद म्हणाला, आणि धून सुरू झाली. वहिनींनी डोळे मिटले. धून संपली तेव्हा मी फोनकडे हात नेला, पण फोन आपणहून पुढचा आवाज लावतो, हे मी विसरलो होतो. खोलीत माझाच आवाज आला, हसरा, मोठा: “मास्तर, श्वास कुठे पळाला? पकडला की नाही! पुन्हा.” मला तो बंद करता येईना. मग पुन्हा मुकुंद. मग बिगूल. मग मी. मग मुकुंद... दर वेळी थोडा आणखी अलीकडे थांबणारा. शेवटच्या आवाजात धून जेमतेम दुसऱ्या वळणापर्यंत गेली. नंतर नुसता श्वास, बराच वेळ, आणि मग तो म्हणाला, “आता तरी जमलं का रे?”

त्याच्यापुढे आवाज नव्हता, गार्गीने लिहिलेली ती ओळच होती. फोन गप्प झाला.

“मग?” वहिनींनी विचारलं. “तुम्ही काय म्हणालात त्यावर?”

“काही नाही, वहिनी.”

मला वाटलं, आता वहिनी मला बोल लावतील, आणि लावावा असंच वाटत होतं. पण त्या म्हणाल्या, “आतल्या खोलीत बसून असेच धापा टाकायचे. मला वाटलं, तुमच्यासाठी तयारी चाललीय. मी दार लोटून घ्यायचे... कुकरचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून.” गार्गी एकदम आत निघून गेली. मी “त्याचं बरोबर होतं” असं काहीतरी बोललो. कशाबद्दल, ते वहिनींना समजलं नसावं. त्यांनी विचारलंही नाही. सगळे आवाज मी तिथे बसूनच त्यांच्या फोनवर पाठवले, माझ्या आवाजांसकट.

उतरताना जिन्याच्या वळणावर पाय आपोआप थांबले. कापडाचे गठ्ठे तसेच छतापर्यंत रचलेले होते. मी त्या धुनीचे पहिले स्वर म्हटले, हळू, तो म्हणायचा तसे. आवाज गठ्ठ्यांत जिरून गेला. मग मोठ्याने म्हटले. पुन्हा तेच. कापडाच्या ढिगाला तोंड लावून बोलल्यासारखा कोरडा, मेलेला आवाज. तिथे काहीच घुमत नाही. कधीच घुमत नसणार. दर रविवारी तो तिथे माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून उभा राहायचा, दम परत येईपर्यंत, आणि मी मान डोलवून म्हणायचो, वा मुकुंदा, काय घुमतं रे!