दात घासू नका, असं कुणीच म्हणालं नव्हतं

"म्याडम, बसायच्या आधी येक सांगतो," तो माणूस दारातच उभा राहून म्हणाला. "मला हेपटायटिस सी हाय. तुमची मशीन बिघडली असंल तर आत्ताच सांगा. म्हंजे आम्ही निघतो."

मशीनला काहीच झालं नव्हतं. माझी असिस्टंट शबाना माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"मशीनला काय धाड भरलीये?" मी म्हटलं. "या, बसा."

त्याचं नाव बाळाराम. गाव दिघाशी. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात विणकर. वय चव्वेचाळीस, पण गाल बसलेले, त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यासारखा दिसत होता. सोबत बायको, कमळ. माझ्याकडे यायच्या आधी दोन दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. आजार सांगितल्याबरोबर एकाची मशीन बिघडली. दुसऱ्याने सांगितलं, आधी लिव्हरचं बघा, दातांचं नंतर. दोघांनाही मी ओळखते. एकाच्या मुलीच्या लग्नात जेवूनही आले आहे. नावं घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

हेपटायटिस सी म्हणजे लिव्हरला धरून बसणारा व्हायरस. तो रक्तातून पसरतो. एका ताटात जेवून, हात लावून, शेजारी बसून पसरत नाही. कित्येक वर्षं अंगात राहतो आणि पत्ता लागू देत नाही. बाळारामला तो गावातल्या रक्तदान शिबिरात कळला. रक्त द्यायला गेला आणि हे घेऊन आला, असं कमळ म्हणाली. खरं तर तो आधीपासूनच अंगात होता. कधीतरी घेतलेल्या इंजेक्शनातून आला असेल, कशातून ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

शबानाने हळूच विचारलं, "म्याडम, मी डबल ग्लोव्ह्ज घालू?"

"सकाळी त्या रूट कॅनालवाल्या काकूंना किती घातले होतेस?"

"एकच."

"मग आताही एकच."

पेशंट सांगतो तेवढाच आजार त्याला असतो असं धरून चाललं, तर दवाखाना बंद करावा लागेल. कितीतरी लोकांना स्वतःलाच माहीत नसतं. म्हणून प्रत्येकाला हा आजार आहे असंच समजून आम्ही काम करतो. ग्लोव्ह्ज, मास्क, आणि प्रत्येक हत्यार ऑटोक्लेव्हमध्ये. ऑटोक्लेव्ह म्हणजे एक मोठा प्रेशर कुकरच. त्यातून निघालेल्या हत्यारावर कुठलाच व्हायरस जिवंत राहत नाही. जो डॉक्टर हेपटायटिसवाल्याला घाबरतो, त्याच्या कुकरची मला शंका येते.

बाळारामने तोंड उघडलं.

तंबाखू नाही, मिश्री नाही, गुटखा नाही. कीड फारशी नाही. भिवंडीत असं तोंड क्वचित बघायला मिळतं. पण दातांच्या मुळाशी टार्टरचा, म्हणजे साचून दगड झालेल्या घाणीचा, जाड थर, भिंतीला सिमेंट थापावं तसा. हिरड्या लालभडक आणि सुजलेल्या. नुसता आरसा टेकवला तरी रक्त येत होतं. खालचे समोरचे चार दात बोटाने हलत होते. वरचे दोनही सैल.

"दिवसातून किती वेळा घासता?"

तो छताकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं.

"घासतच न्हाय वो ते," कमळ म्हणाली. "दोन वरसं झाली. मी बोल्ले तर माझ्यावर वसकन वरडतात. निसत्या मिठाच्या पान्यानं गुळण्या करतात."

मला वाटलं, आळस. मी माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू झाले, की दात काय फुकट मिळाले आहेत का. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"म्याडम, सरकारी दवाखान्यात बाईनं सांगितलं, तुमचा रोग रगतात हाय. ब्रश वेगळा ठेवा, दाढीचं पान वेगळं ठेवा. रगत कोनाला लागू देऊ नका. आमच्याकं मोरी येकच. सगली तिथंच तोंड धुतात, माझी पोर तिथंच भांडी घासते. मी घासलं का रगत पडतं. घासलं न्हाय का पडत न्हाय. मग मी घासनंच सोडलं."

एवढं सांगून तो थांबला. त्यात त्याला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. घरच्यांसाठी जे करायला हवं ते आपण करतोय, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

कारखान्यातही त्याने तेच केलं होतं. जुन्या लूमवर शटल असतं, म्हणजे आडव्या धाग्याची कांडी घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा. कांडी संपली की नवीन घालायची आणि तिचा धागा शटलच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा. बरेच विणकर भोकाला तोंड लावतात आणि धागा ओढून घेतात. एका सेकंदाचं काम. शिफ्ट बदलली की तेच शटल दुसऱ्याच्या तोंडाला. अशाने हा आजार सहसा होत नाही, पण हिरडीतून रक्त येत असेल तर ती सवय कुणासाठीच बरी नाही. बाळारामने आजार कळला त्या दिवसापासून शटलला तोंड लावलं नाही. तारेचा आकडा करून धागा काढायचा. वेळ जास्त लागायचा, लूम थांबायची. शेठ बोलायचा, बाकीचे चिडवायचे, नवरदेव झालाय, तोंड लावायला लाजतो. खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नाही. दात दुखतात एवढंच म्हणायचा.

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले आणि नीट सांगितलं. हिरडीतून रक्त येतं ते ब्रशमुळे नाही, दातांवर साचलेल्या घाणीमुळे. रोज हलक्या हाताने घासलं की हिरडी घट्ट होते आणि रक्त थांबतं. घासणं सोडलं की घाण वाढते, सूज वाढते आणि रक्तही वाढतं. त्यात तुमचा आजार. रक्त गोठवणारी द्रव्यं लिव्हर बनवतं. लिव्हर थकलं की साध्या जखमेचं रक्तही लवकर थांबत नाही. शिवाय ह्या आजारात पुष्कळांचं तोंड कोरडं पडतं, थुंकी कमी होते, आणि दातांची राखण थुंकीच करते.

"म्हंजे मी सोडल्यानं रगत वाढलं?"

"हो."

 तो खालच्या दातांना बोट लावून म्हणाला, "हे ऱ्हातील ना? समोरचे हायेत. गावात आजार कोनाला म्हायती न्हाय. बोळका झालो तर सगली इचारतील."

मी म्हटलं, प्रयत्न करू. त्याहून जास्त म्हणता येत नव्हतं.

रक्ताच्या रिपोर्टशिवाय हात लावायचा नव्हता. प्लेटलेट कमी निघाल्या. मी त्याच्या लिव्हरच्या डॉक्टरांना फोन केला. माणूस चांगला होता.

"स्केलिंग करा, पण थोडं थोडं," ते म्हणाले. "दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही मापात. बाकी पेनकिलर नको."

"डॉक्टर, हे दोन वर्षं दात घासत नव्हते. तुमच्या लक्षात आलं नाही?"

"मॅडम, माझ्या ओपीडीत दारापर्यंत रांग असते. तोंड उघडायला मी कुणाला सांगतच नाही. ते तुमचं खातं ना?"

आणि आमच्या खात्यातल्या एकाने त्याला सांगितलं होतं, आधी लिव्हरचं बघा.

स्केलिंग म्हणजे मशीनने टार्टर काढणं. एका वेळी जबड्याचा एकच कोपरा केला. रक्त थांबल्याशिवाय त्याला खुर्चीवरून उठू दिलं नाही. मऊ ब्रश दिला आणि माझ्यासमोर घासायला लावलं. पहिल्यांदा बेसिनमध्ये लाल पाणी पडलं तेव्हा तो ब्रश टाकून मागे सरकला. कमळने ब्रश उचलला, धुतला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला. मोरीचंही सांगितलं. घासून झालं की पाणी ओता, रक्त दिसलं तर थोडं ब्लीच टाका, बस. तो शिकला. लिव्हरच्या गोळ्या चालू होत्याच, त्या एकदाही चुकवल्या नाहीत. हळूहळू हिरड्यांचा रंग बदलला. मागच्या दाढा सगळ्या वाचल्या. मला आशा वाटायला लागली होती, हे कबूल करते.

पण दात हाडात उभा असतो. हिरडी बरी होते, विरघळलेलं हाड परत येत नाही. खालच्या चार दातांखाली हाड उरलंच नव्हतं. भाकरी सोडाच, भात चावतानाही ते हलायचे. त्यांच्याभोवती पू व्हायला लागला. वरच्या दोन्हींचंही तेच. शेवटी काढायचं ठरवलं. आदल्या दिवशी पुन्हा प्लेटलेट बघून घेतल्या, लिव्हरच्या डॉक्टरांना विचारलं, रक्त थांबवायचं औषध तयार ठेवलं.

खालचे चार पहिल्यांदा काढले. फार जोर लावावा लागला नाही, त्याचंच वाईट वाटलं. तोंडात कापसाची घडी दाबून तो बसला होता. शबाना ट्रे उचलायला गेली तर त्याने तिला हाताने थांबवलं. कापूस गालात सारून तो बोबडं बोलला, "ताई, जपून. रगत लागलंय त्याला. असंच कचऱ्यात टाकू नको, कोनाला तरी टोचंल."

शबानाने मान हलवली आणि ट्रे घेऊन आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी जाऊन बघितलं तर सिंकजवळ उभी राहून रडत होती. मी तिला ओरडले नाही.

वरचे दोन पुढच्या खेपेला गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी दोघं आले. गोळ्यांचा कोर्स संपला होता. शेवटच्या तपासणीत व्हायरस सापडला नव्हता. कमळने पेढे आणले होते. आजार बरा झाला होता, खरोखर बरा. आताच्या गोळ्यांनी होतो, आणि वेळेवर कळला तर लिव्हरही वाचतं. मी त्याला काढता-घालता येणारे सहा दात बसवून दिले. आरशात बघून तो म्हणाला, "बरे हायेत. जरा लोकाचे वाटतात, पन बरे हायेत."

तो पाणी प्यायला बाहेर गेला. कमळ खुर्चीशी थांबली.

"म्याडम, त्या बाईनं 'ब्रश वेगला ठेवा' एवढं सांगितलं. खरंच सांगितलं. पन 'आनि रोज घासा' हे कोनीच का न्हाय बोल्लं? येवढं लांब व्हतं का ते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"वहिनी, हे सांगायला लागतं असं कुणाला वाटलंच नाही."

"आमाला लागतं," ती म्हणाली, आणि डबा उघडून पेढा माझ्यासमोर धरला.