एकत्र की एकटे?

शेवटच्या संध्याकाळी मी नि अण्णा माझ्या ओटीवर वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले, कोमट पाण्यात भिजवलेले. अण्णा एकेक वाल चिमटीत धरून म्हणायचे, "चला, बाहेर या, लपू नका." नोटीस आलेल्या माणसालाही ते हेच म्हणायचे.

कर्जतच्या बाजारात तुम्ही त्यांना पाहिलं असेल. छत्री बगलेत, टोपी तिरकी. लोकांचे इन्कमटॅक्सचे कागद इंग्रजीत भरून द्यायचे, म्हणून गावानं नाव ठेवलं 'रिटनवाले'. माझी कोळशाची वखार. लढाईत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, माझा धंदा वाढला, आणि चार बुकंही न शिकलेल्या मला सरकारनं कराची नोटीस धाडली. तेव्हापासूनची ओळख.

कागद भरताना ते प्रत्येकाला विचारायचे, "कुटुंब एकत्र की एकटे?" कर भावाभावांचा मिळून धरायचा की वेगळा, एवढंच त्यांना हवं असायचं. पण आमच्याकडं कुटुंब म्हणजे बायको. कुंभिवलीचा एक भातगिरणीवाला लाजून म्हणाला, "एकत्रच होतो वो, पण आता कुटुंब बाळंतपणाला म्हायेरी गेलंय. खोटं कसं सांगू?"

"अहो, भावाचं विचारतोय मी!"

"भाऊ कशाला जाईल म्हायेरी?"

अण्णा हसता हसता खोकायलाच लागले.

पुढल्या साली माझी बायको वारली. कागद तर भरायलाच हवा, म्हणून गेलो. अण्णा त्या ओळीवर आले नि थांबले.

"इचारा की," मी म्हटलं. "सगळ्यांना इचारता."

"तुमचं ठाऊक आहे मला," म्हणाले नि लिहून टाकलं.

मग ते रोज संध्याकाळी माझ्याकडं येऊ लागले. फार बोलायचे नाहीत, आणि मलाही बोलायचा कंटाळाच. त्यांचीही बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. भिसेगावात एका खोलीत राहायचे.

अलीकडं खोकला फार वाढला होता. वाल सोलता सोलता मी म्हटलं, "अण्णा, इथंच र्‍हायला या. तिथं पाणी द्यायला कोण हाय तुमाला?" वर्षभर हेच म्हणत होतो, ते दरवेळी नाही म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "एवढे लोकांचे कागद उरकतो, मग येतो."

"नक्की?"

"नक्की. पण तुम्ही घोरता."

"आन् तुमी खोकता."

त्याच रात्री ते खोलीत एकटेच वारले. दुसऱ्या दिवशी उल्हास नदीच्या काठावर त्यांना पोचवून आलो.

त्याच्या दुसऱ्या सकाळी भिसेगावला गेलो नि त्यांची वळकटी खांद्यावर घेतली. घरमालकीण ओरडली, "अवो, मेलेल्या माणसाचं अंथरूण ते! नदीत टाकतात, घरात नाय नेत."

"यायचं कबूल केलं होतं त्यांनी," मी म्हटलं.

घरी आणलं, माझ्या अंथरुणाशेजारी पसरलं. मग वखार उघडायला गेलो.